फ्रेमची जागा

शेवटच्या वर्षाला नागपूरहून एक पाहुणे आले.
निळा टाय, हातात क्लिकर.
वीज गेली तरी अंधारात बोलतच राहिले :
ओळखी वाढवा, माणसं जोडा, माणूस हीच शिडी.
आम्ही बेचाळीस जणांनी ते लिहून घेतलं,
पेपरात येईल म्हणून.

पहिली ओळख आपणहून चालत घरी आली.
निनावे मेडिकलचे परसरामभाऊ, सोनपापडीचा डबा घेऊन.
"नोंदणी झाली न पोरी? मंग झालं तर.
सर्टिफिकेट माह्या भितीले राहीन, तू तुह्या घरी राह्य.
महिन्याचे चार हजार. यायचं बी काम नाही."
बाबांनी चहा ठेवायला सांगितला.
मला हिशेब लागेना :
नाव रोज दुकानात जाणार
आणि मी घरी तांदूळ निवडत बसणार.

रोशन सहारेचं नाव मूलला टांगलेलं आहे,
तो स्वतः पुण्यात मोबाईलची कव्हरं विकतो.
टीनाचं नाव होतं तिथे तपासणी आली
तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी.
साहेबांना दाखवायला काच तेवढी पुसून ठेवली होती.

मी म्हटलं, आठ दिवस द्या.
आणि सिंदेवाहीच्या दवाखान्यात खिडकी क्रमांक दोनला
कामडी मॅडमजवळ जाऊन उभी राहिले.
पगार नाही, स्टूल नाही.
मॅडम गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं
सकाळचा सूर्य काढत, रात्रीचा चंद्र.
"वाचता नाही येत त्याले तू काय सांगशीन?
बीडी म्हणशीन तर तो बिडीच पेटवन."

त्यांची एक डायरी होती, कुठल्याशा कंपनीची, सात वर्षांपूर्वीची.
तिच्यात माणसांची आडनावं नव्हती :
'नागभीड इन्सुलिन'
'ब्रह्मपुरी, सापाचं'
'मूल, उधार मागू नये'
'वडसा, रात्री बी उचलते.'

गुरुवारी मॅडम मीटिंगला चंद्रपूरला.
पेंढरीची बाई आली, कडेवर सहा वर्षांचा पोरगा,
हातात सिकलसेलचं लाल कार्ड, घामानं मऊ झालेलं.
त्याच्या कॅप्सूल आमच्याकडे संपलेल्या,
मागणी गेलेली, माल यायचा.
बाई काही बोलली नाही.
पोरगा गुडघा धरून होता.

मी डायरी उघडली.
"कोण? कोणत्या दुकानातून?"
दुकानातून नाही, म्हटलं. कामडी मॅडमच्या खिडकीतून.
पलीकडचा आवाज बसल्या जागी उठून उभा राहिल्यासारखा झाला.
तरी तिघांकडे नव्हतं.
चौथा वडसा.
"दोन पट्ट्या हायेत. साडेतीनच्या एसटीनं टाकतो.
कंडक्टर मेंढे, त्याले विचार. नाव सांग तुह्यं."

पाच वाजता स्टँडवर पिवळं पाकीट हातात आलं.
वर 'किर्तीका लेणगुरे',
दोन्ही वेलांट्या चुकलेल्या, णसुद्धा चुकलेला.
पण मी जिथे उभी होते
तिथेच माझं नाव पोचलं होतं, पहिल्यांदा.
रात्रीची एक. मी चंद्र काढला.
जरा भाकरीसारखा आला.

परसरामभाऊंना सांगितलं :
भिंत देता तर खुर्चीसकट द्या.
दहा ते सहा मी बसीन,
चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याशी मीच भांडीन.
ते खूप हसले. मग गप्प झाले.
अजून उत्तर नाही.
वडस्याच्या इर्शादभाईंचा मात्र फोन आला,
रात्रपाळीला माणूस पाहिजे, नऊ हजार, राहायची सोय तू पाहा.

बाबांनी फ्रेम आधीच आणून ठेवलीय,
सोनेरी कडांची, तांदळाच्या कोठीमागे, तोंड भिंतीकडे.
खिळा कुठे ठोकायचा ते रोज विचारतात.
काल मॅडमच्या डायरीत नंबर शोधताना
शेवटच्या पानावर ताजी शाई दिसली.
माझा नंबर. नाव नाही.
'सिंदेवाही, नवी पोरगी. उचलते.'